निरोग्यांच्या पेटीतला सलीम

रमला, २० ऑक्टोबर १९९७

प्रिय शादलिया,

समितीने मला नाकारलं आहे. काल झकिया नर्सने स्फाक्सहून पोस्टातल्या फोनवर सांगितलं, आणि आज सकाळच्या बोटीने डॉक्टर वहीदांच्या सहीचा कागदही आला. त्यामुळे आता शंकेला जागा नाही. माझी, सख्ख्या बहिणीची, किडनी सलीमला जुळत नाही अशातला भाग नाही. रक्तगट जुळतो, बाकीचंही जुळतं. पण माझ्यातच काही आजार दडलेला आहे म्हणे, म्हणून माझ्याकडून घ्यायची नाही.

त्याला जोडलेल्या दुसऱ्या कागदावर असं लिहिलंय: "दाहाचा निरोप्या रेणू अतिउच्च. छुपा आजार संभवतो." खाली तुझ्या प्रयोगशाळेचा शिक्का आणि तुझ्या साहेबांची, सी मुन्सिफांची, सही. आठवतं, उन्हाळ्यात तुमची माणसं इस्पितळात आली होती? डायलिसिसच्या खोलीबाहेर आम्ही नातेवाईक बाकावर बसलो होतो. "आम्हाला निरोगी माणसं हवीत, अभ्यासासाठी," म्हणाले. डबाबंद संत्र्याचा रस दिला, तो कोमट होता. मी निरोगी म्हणून हात पुढे केला होता. त्याचा हा कागद माझ्या फाइलीत कसा आला, मला कळत नाही.

घरात काय चाललंय ते सांगायची लाज वाटते, पण तुला नाही सांगायचं तर कुणाला. सासूबाईंनी माझा पेला वेगळा केला. निळ्या काठाचा. कुणी चुकून उचलला तर त्या काही बोलत नाहीत, फक्त त्याच्या हातातून काढून घेतात आणि उकळत्या पाण्यात टाकतात. तुहामी रात्री भिंतीकडे तोंड करून झोपतो. नवऱ्याच्या पाठीकडे बघत झोपणं काय असतं ते मला या वयात कळलं.

सलीमला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मी लहानपणापासून सांगतोय, तुझं रक्त जड आहे. तुझ्या विनोदांना कधी कुणी हसलंय का?" मग तो बराच वेळ हसत राहिला आणि मग खोकला. त्याचे पाय पुन्हा सुजलेत. आठवड्यातून तीनदा बेटावरून बोटीने स्फाक्सला जायचं, यंत्राला लागायचं, परत यायचं. हिवाळ्यात वारा उठला की बोट बंद होते. मागच्या हिवाळ्यात त्यापायी तो मरता मरता वाचला, ते तुला माहीत आहे.

मला काय झालंय, शादलिया? तू त्या रक्तांमध्येच काम करतेस. खरं असेल ते लिही. गोड करून लिहू नकोस.

तुझी मनूबिया


ट्युनिस, २७ ऑक्टोबर

प्रिय मनूबिया,

तुला काही झालेलं नाही. हे गोड करून लिहिलेलं नाही. तुझ्या सगळ्या तपासण्या मी झकियाकडून फोनवर वाचून घेतल्या. हृदय, फुप्फुसं, लघवी, दात, सगळं नीट आहे. फक्त तो एक आकडा मोठा आहे.

तो कशाचा आकडा आहे ते सांगते. आपल्या शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. जखम झाली, जंतू शिरले, की एक पेशी हाक मारते आणि बाकीच्या धावतात. ती हाक म्हणजे हे रेणू. आजारात त्यांचा गोंगाट वाढतो हे खरं. पण धडधाकट माणसांतही सगळ्यांचा आवाज सारखा नसतो. कुणी जन्मतःच हळू बोलतं, कुणी मोठ्याने. मुंजिया मावशी, तुझी आई, आठव. ती भरतीच्या आधी किनाऱ्यावरून उथळ पाण्यातल्या मासेमारीच्या कुंपणाशी उभ्या असलेल्या तुझ्या बाबांना जेवायला हाक मारायची, तेव्हा नव्या मास्तरांना वाटलं होतं की कुणाचा तरी खून पडतोय. ते पोलिसांना घेऊन आले. पोलिस म्हणाला, "या घरात असंच बोलतात, तुम्ही चहा घ्या." तुझं रक्तही त्या घरातलं आहे, एवढंच.

मग आजार का लिहिला? आता मला शिसारी येते तो भाग.

सी मुन्सिफांना 'आपल्या देशातल्या निरोगी माणसांत हा रेणू किती असतो' हे छापायचं आहे. त्यासाठी आम्ही निरोग्यांचं रक्त जमवलं. ज्यांचे आकडे मोठे आले, त्यांच्याबद्दल ते म्हणतात, "हे निरोगी असूच शकत नाहीत, काढून टाका." काढले. मग उरलेल्यांवरून मर्यादा ठरवली. मग ज्यांना काढलं होतं त्यांना कळवलं की तुम्ही मर्यादेबाहेर आहात. आधी उंच माणसांना रांगेतून हाकलायचं, उरलेल्यांची उंची मोजायची, आणि हाकललेल्यांना सांगायचं की तुमची उंची हा रोग आहे. मोठे आकडे काढले की आलेख तपासणीच्या परदेशी किटसोबत येणाऱ्या पत्रकाशी छान जुळतो. जुळला की परिषदेत टाळ्या पडतात. मी दोनदा विरोध केला. "तू अजून तरुण आहेस," असं उत्तर मिळालं. मी एक्केचाळीस वर्षांची आहे.

आणि असा अर्धामुर्धा अभ्यास त्यांनी समितीकडे धाडला, कारण ते समितीचे सल्लागार आहेत. मी त्यांच्याशी पुन्हा बोलते. तोवर तू काही करू नकोस. कुणाचं ऐकू नकोस. नेहमीसारखं जेव.

शादलिया


रमला, १२ नोव्हेंबर

प्रिय शादलिया,

तुझं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. तुहामी म्हणाला, "मोठ्याने बोलणारं रक्त, हे मला लग्नाआधी सांगायला हवं होतं." म्हणजे तो निदान बोलला. सासूबाई म्हणाल्या, "तुझी बहीण शिकलेली आहे, पण सही तिच्या साहेबाची आहे. भाकरी कुणाची खायची, भट्टीवाल्याची की पीठ चाळणारीची?" निळ्या काठाचा पेला अजून वेगळाच आहे.

गेल्या आठवड्यात वारा उठला. बोट दोन दिवस सुटलीच नाही. सलीमची एक पाळी चुकली. त्याला पाणी मोजून द्यावं लागतं, पण तहान तर मोजून लागत नाही. मी त्याच्या ओठांना ओला कपडा लावत बसले होते. त्याच्या श्वासाला वास येत होता, शिळ्या लघवीसारखा. तू हे वाचून तोंड वाकडं करशील, पण तसाच येत होता. मला माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडाची किळस आली, आणि मग त्या किळसेची जास्त किळस आली. तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या मच्छीमाराने त्याला आपल्या होडीतून पलीकडे नेलं. दोघेही भिजून गेले होते. आता तो वारा थांबेपर्यंत स्फाक्सला आत्याकडे राहतोय.

माझी काळजी करू नकोस. मी आराम करतेय. ऑक्टोपसचा हंगाम सुरू आहे, पण मी उथळ पाण्यात उतरत नाही. फक्त दगडावर आपटायला आणि वाळत घालायला मदत करते, तेवढ्यानेही दम लागतो. हल्ली पाठीवर झोपवत नाही, कुशीवर झोपते. सासूबाई दर शुक्रवारी माझ्यासाठी वेळ काढतात. त्यांच्या परीने त्या माझंच भलं बघतायत, असं मी स्वतःला सांगते.

तुझ्या साहेबांचं काय झालं? समितीला पुन्हा विचार करायला सांगता येईल का? सलीम आत्याकडून रोज फोन करतो आणि हवामान विचारतो. पण त्याला हवामान नको असतं, तुझं पत्र आलं का ते विचारायचं असतं.

मनूबिया


ट्युनिस, २४ नोव्हेंबर

प्रिय मनूबिया,

हे पत्र बसून वाच. रागही येईल आणि हसूही, कुठलं आधी येईल सांगता येत नाही.

तुझा मूळ आकडा पुन्हा तपासावा म्हणून मी शीतपेटी उघडली. तुला ठाऊक आहे, आमच्याकडे निरोग्यांच्या नळ्यांवर 'सलीम' लिहितात. सलीम, म्हणजे धड, निकोप. आजाऱ्यांच्या नळ्यांवर नाव आणि विभाग. उन्हाळ्यातल्या त्या दिवसाच्या पेटीत एका नळीचं बूच वेगळ्या रंगाचं दिसलं. आमची बुचं जांभळी, ही लाल. अक्षरही आमच्या माणसाचं नव्हतं. निळ्या शाईत फक्त 'सलीम'.

मी झकियाला फोन केला. तिने बुचाचा रंग पुन्हा विचारला. मग म्हणाली, "डॉक्टर, त्या दिवशी मीच लिहिलं होतं. आडनाव लिहायला चिठ्ठीवर जागा उरली नव्हती. ती नळी आमच्या सलीमची होती, नेहमीच्या तपासणीची. सापडली नाही म्हणून आम्ही त्याचं पुन्हा रक्त काढलं होतं."

तळाशी थोडं उरलं होतं, त्यात मी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, मोजलं. किडन्या काम करत नसलेल्या माणसाचंच ते होतं. तुझ्या भावाचं रक्त उन्हाळ्यापासून निरोग्यांच्या पेटीत बसलंय, मनूबिया. आणि त्या निरोप्या रेणूचा त्याचा आकडा? अगदी मध्यावर. शिस्तीत. सी मुन्सिफांच्या आलेखात तो आदर्श निरोगी पुरुष आहे. जी बहीण किडनी द्यायला निघाली ती आजारी, आणि ज्याला हवी तो निरोगी.

हे घेऊन मी साहेबांच्या खोलीत गेले. मला वाटलं, यावर तरी त्यांचं तोंड बंद होईल. ते बकलावा खात होते. मी सगळं सांगितलं. यंत्रावर जगणारा माणूस तुमच्या मर्यादेत बसतो, आणि धडधाकट बाई बसत नाही, म्हणजे या आकड्यावरून निरोगी कोण ते ठरत नाही. निरोग्यांचे आकडे मुळात पसरलेलेच असतात, तो पसारा छापणं हेच आपलं काम होतं.

त्यांनी बोट चाटलं. म्हणाले, "बरं झालं वेळेवर कळलं. त्यालाही काढून टाका."

"आणि बाईला परत घ्यायचं?"

"ती तर आधीच काढलेली आहे ना?"

"सी मुन्सिफ, तिच्या भावाचा जीव त्या कागदावर अडलाय."

"शादलिया, मी कुणाला मारलेलं नाही. मी 'संभवतो' असं लिहिलंय. संभवतो म्हणजे संभवतो." आणि मला बकलाव्याचा डबा पुढे केला. मी घेतला नाही. त्यांच्या मिशीला पिस्त्याची पूड चिकटली होती, ती मला अजून दिसते. खोलीबाहेर आल्यावर मी हात धुतले, कशालाही हात लावला नव्हता तरी.

म्हणून आता मी त्यांना वगळून डॉक्टर वहीदांना पत्र लिहिलं आहे. काढून टाकलेले सगळे आकडे परत जोडून, पूर्ण पसारा, तुझ्या जागेसकट. त्यात तू एकटी नाहीस. मोठ्या आवाजाची पुष्कळ माणसं आहेत आणि त्यांतली बहुतेक आज आपापल्या कामावर आहेत. त्यांनी नव्याने तुझी तपासणी करावी, एवढंच मागितलंय. त्या बोलावतील तेव्हा लगेच जा.

आणि एक सांग. तुझ्या पाठीला काय झालंय? दम का लागतो? खदूजा सासूबाई दर शुक्रवारी तुझ्यासाठी वेळ काढतात म्हणजे नक्की काय करतात? त्या बाईंनी आजवर स्वतःच्या शेळीसाठीही वेळ काढलेला मी पाहिला नाही.

शादलिया


रमला, ८ डिसेंबर

प्रिय शादलिया,

तू ओळखलंच असशील. मी लिहिलं नाही, कारण तू 'काही करू नकोस' म्हणाली होतीस.

डॉक्टर वहीदांनी बोलावलं. सासूबाई सोबत आल्या. नकोच म्हणत होते मी, पण "डॉक्टर काय म्हणते ते माझ्या कानांनी ऐकते" म्हणाल्या. वहीदांनी सगळं पुन्हा तपासलं. पोट, सांधे, क्षय, दात, बाईमाणसाची तपासणी, सगळं. दोन वेळा वेगवेगळ्या दिवशी रक्त घेतलं. तो आकडा दोन्ही वेळा तसाच मोठा. उन्हाळ्यातही तेवढाच होता. त्या म्हणाल्या, "आजार असता तर इतक्या महिन्यांत हा वरखाली झाला असता, किंवा कुठेतरी दिसला असता. ही तुमची नेहमीची पातळी आहे. या कारणावरून मी तुम्हाला थांबवणार नाही." मी रडायलाच लागले होते, तेवढ्यात त्यांनी दुसरा कागद उचलला.

"पण हिमोग्लोबिन एवढं खाली कसं? सप्टेंबरमध्ये उत्तम होतं."

मी सदरा खाली ओढला. वहीदांनी स्टेथोस्कोप लावायला माझा सदरा वर केला आणि हात तसाच राहिला. पाठभर गोल वण आहेत, शादलिया. काही जांभळे, काही पिवळे पडलेले, मध्ये पात्याच्या बारीक रेघा. दर शुक्रवारी एक तुंबड्या लावणारी बाई यायची. आधी काचेचे पेले जाळ दाखवून पाठीला चिकटवायची, मग चिरा, मग पुन्हा पेले. रक्त त्यात भरायचं आणि थिजून काळजाच्या गोळ्यासारखं व्हायचं. ती ते परातीत उलटं करून सासूबाईंना दाखवायची, "बघा, किती जड आणि काळं." मांजर वास घेत यायचं. मांस, अंडी, हरीसाची तिखट चटणी, सगळं बंद होतं, आग कमी व्हावी म्हणून. सकाळी कडू पाला उकळून प्यायचा. मी हे का होऊ दिलं? कारण मला वाटलं, काय सांगावं, आकडा उतरला तर समिती घेईल. तुझ्यावर विश्वास होता, पण तुझ्या साहेबांच्या सहीची भीती त्याहून जास्त होती.

वहीदा सासूबाईंना म्हणाल्या, "लल्ला खदूजा, हे तुम्ही केलंत?"

"आजारी म्हणून तुम्हीच लिहून दिलंत ना? मी बरं करत होते."

वहीदांनी माझ्या फाइलीतला तो कागद काढून पालथा ठेवला.

आता असं ठरलंय की रक्त वर येईपर्यंत थांबायचं. किमान आठ आठवडे. गोळ्या आणि मांस. तोवर सलीमने स्फाक्स सोडायचं नाही. त्याला मी तुझी नळीची गोष्ट सांगितली. आधी त्याला कळलंच नाही. मग तो आत्याच्या घरभर ओरडत फिरला, "तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला सलीम म्हटलं, आणि आता तिथूनही काढतायत." डायलिसिसच्या खोलीत सगळे त्याला आता 'निरोगी' म्हणून हाक मारतात. झकियासुद्धा.

तू रागावणार आहेस. रागाव, पण लिही.

मनूबिया


ट्युनिस, १९ डिसेंबर

मनूबिया,

रागावले आहे. तीन दिवस रागावले होते, म्हणून उशीर. ती परात डोळ्यांसमोरून जात नाही. कालवण समोर आलं तरी तीच दिसते. आणि मला ठरवता येत नाही की जास्त घाण कशात होती, त्या परातीत की आमच्या स्वच्छ पांढऱ्या खोलीत. तुंबड्यावाली निदान रक्त लपवत तरी नव्हती.

इथली बातमी. मी वहीदांना परस्पर लिहिलं हे साहेबांना कळलं. लेख छापायला गेला, त्यावरून माझं नाव काढलंय. मला हसू आलं. तुला काढलं, सलीमला काढलं, आता मला. आपल्या घराण्यातलं कुणी त्या कागदावर उरलं नाही. काढलेले आकडे घेऊन मी वेगळा लेख लिहितेय. वेळ लागेल. तो वाचून कुणी टाळ्या वाजवणार नाही, पण कुणाच्या फाइलीत चुकीचा कागदही जाणार नाही.

तुला एकच हुकूम. येत्या रमजानात तू रोजा धरायचा नाहीस. आजाऱ्याला सूट आहे, आणि आता तुला खरंच आजारी केलंय. रोज कलेजी खा. न लाजता, दिवसाउजेडी खा.

शादलिया


रमला, ९ जानेवारी १९९८

प्रिय शादलिया,

रमजान सुरू झाला आणि मी दिवसाउजेडी खातेय. आमच्या गल्लीत कलेजी भाजल्याचा वास कुणापासून लपत नाही. पहिल्या दिवशी शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "रोजे सुटले का तुमच्या घरी? आम्हाला कुणी सांगितलं नाही." मी मान खाली घातली. सासूबाई बाहेर गेल्या आणि म्हणाल्या, "माझी सून भावासाठी खातेय. तुझ्या घरात कुणी कुणासाठी उपाशी तरी राहिलंय का?" तेव्हापासून कुंपण शांत आहे.

कलेजी त्याच भाजतात. रोजा धरून. मीठ चाखता येत नाही म्हणून कधी अळणी होते, कधी तोंडात घालवत नाही. वरून जिरं घालतात. मला त्या वासाने उमासे येतात, कापताना त्या गोळ्यांकडे बघवत नाही, परात आठवते. त्यांनाही आठवत असणार. त्या माझ्यासमोर बसतात आणि घास मोजल्यासारख्या बघतात. "गीळ," म्हणतात. एकदा मी उलटी केली. त्यांनी ती पुसली, हात धुतले आणि दुसरा तुकडा तव्यावर टाकला. माफी त्यांनी मागितलेली नाही. मागतील असं वाटत नाही. मीही अजून माफ केलेलं नाही. पण काल पाणी दिलं ते साध्या पेल्यात होतं. निळ्या काठाचा कुठे गेला, मी विचारलं नाही.

सलीमला आत्या दिवसा पाणी देत नाही, रात्री मोजून देते. तो म्हणतो, या घरात सर्वांत कडक रोजा आपल्या निरोगी माणसाचा आहे. आवाज मात्र बारीक झालाय त्याचा. या आठवड्यात दोनदा वारा उठला. तो पलीकडे होता म्हणून बरं.

परवा रक्त दिलं, हिमोग्लोबिन चढतंय. ईद झाल्यावर २ फेब्रुवारीला, सोमवारी, समिती बसणार. तोपर्यंत पुरेसं चढलं तर त्याच महिन्यात आम्हा दोघांना शेजारच्या खोल्यांत दाखल करतील, असं डॉक्टर वहीदा म्हणाल्या. मी विचारलं, तो मोठा आकडाही पुन्हा मोजणार का?

"मोजणार," म्हणाल्या. "तो नेहमीएवढाच मोठा यावा अशी माझी अपेक्षा आहे. कमी आला, तर मात्र मला विचारावं लागेल की या वेळी तुमच्या पाठीला कोण लागलं."

तुझी मनूबिया